वांगं ‘व्हर्डंट’ का नसतं?

भाच्याने यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या मळ्यालगत दोन खोल्या बांधल्या. हिवाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं भरीत पार्टीला येतात, त्यांना रात्री टेकायला जागा हवी, एवढाच हिशोब. खोल्या झाल्या, टाकी चढली, दारापुढे शेणाचा सडाही पडला. मग हल्लीच्या रीतीप्रमाणे इंग्रजी माहितीपत्रक आलं. मोबाइलमधल्या लिहून देणाऱ्या एका साधनाला त्याने चार ओळी सांगितल्या आणि दीड पान घेतलं. मी भाषांतराची कामं करतो म्हणून ते मला व्हॉट्सॲपवर आलं. “मामा, फक्त एकदा नजर फिरवा.”

पहिल्या ओळीत ‘व्हर्डंट’ होतं. तिसऱ्या ओळीत ‘व्हर्डंट’ होतं. भाच्याला तो शब्द इतका आवडला की जेवणाचं कार्ड त्याने स्वतःच्या अकलेने लिहिलं आणि त्यात पहिलाच पदार्थ ठेवला : ‘व्हर्डंट ब्रिंजल भरीत’. तळाशी आणखी एक ओळ होती, ‘अवर व्हर्डंट गाइड्स’ तुम्हाला जंगल दाखवतील अशा अर्थाची.

हसू आवरून फोन केला. तो म्हणाला, “चुकलं काय? डिक्शनरीत बघितलं मी. व्हर्डंट म्हणजे हिरवं. आपलं वांगं हिरवं नाही का?”

प्रश्न बिनतोड होता. तो एकट्या त्याचाही नाही. पावसाची दुसरी सर पडली की ‘लश ग्रीन’, ‘व्हर्डंट’ अशा शब्दांचा मोबाइलवर पूर येतो. लिहिणाराही आपला, वाचणाराही आपला, आणि मधला शब्द दोघांनाही अंदाजानेच कळलेला. म्हणून त्या एका शब्दाची जरा नीट चौकशी करू.

आधी वांगं हातात घेऊ

आमच्याकडचं भरिताचं वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेषा, आणि तळहातात न मावणारं. या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ‘जळगावचं भरीताचं वांगं’ हे नाव भलत्याने भलत्या मालाला लावू नये याची कायदेशीर सोय झाली. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही ते मिळालं. हे वांगं कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलं की साल कोळशासारखी काळी होते आणि आतला गर पांढुरका-पोपटी निघतो. तो ठेचायचा, त्यात हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा घालायचा, वर कांद्याची पात. जेवणारा पुण्याचा असला तर मिरची निम्मी.

थोडक्यात, वांगं हिरवं, मिरची हिरवी, पात हिरवी. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला ‘ग्रीन’ म्हणता येतं. पण ‘व्हर्डंट’ यातल्या एकालाही म्हणता येत नाही.

ग्रीन हा रंग आहे. शर्ट ग्रीन, बस ग्रीन, सिग्नल ग्रीन. व्हर्डंट हे विशेषण हिरवाईचं. जमिनीवर भरपूर झाडं-गवत-पिकं वाढलेली आहेत, जिवंत आहेत, आणि त्यांच्यामुळे ती सगळी जागा हिरवी दिसते आहे, एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. म्हणून ते सहसा जागेला लागतं : दरी, डोंगर, कुरण, शेतं, बाग, नदीचा काठ. झाडांना लागलंच तर समूहाला किंवा पानांच्या भरगच्च पसाऱ्याला लागतं.

ओळखायची खूण मी भाच्याला सांगितली ती अशी. व्हर्डंटच्या जागी ‘हिरवाईने भरलेला’ असं ठेवून बघ. हिरवाईने भरलेली दरी, ठीक. हिरवाईने भरलेला काठ, ठीक. हिरवाईने भरलेलं वांगं?

“मामा, ते तर भरलं वांगं झालं. तो वेगळा पदार्थ आहे.”

आणि भरीत ते भरीत.

“पण डिक्शनरीत तर ‘हिरवा’ असंच लिहिलंय!”

लिहिलं आहे, खरं आहे. अडचण अशी की शब्दकोश शब्दाचा अर्थ सांगतो, त्याची सोयरीक सांगेलच असं नाही.

मराठीतलं उदाहरण घ्या. ‘गोरा’ म्हणजे उजळ रंगाचा. मग गोरा सदरा, गोरी भिंत, गोरं दूध असं आपण का म्हणत नाही? कारण गोरेपण माणसाच्या कातडीशी बांधलेलं आहे. त्याहून कडक उदाहरण ‘घारा’. घारे असतात ते फक्त डोळे. डोळ्यांच्याच रंगाची साडी दुकानात सापडली तरी ‘ती घारी साडी दाखवा’ म्हणणाऱ्याकडे दुकानदार डोळे विस्फारून बघेल. हे शाळेत कोणी शिकवलेलं नसतं. आईने, आजीने, गल्लीने शिकवलेलं असतं. इंग्रजीतही तसंच. ‘ब्लाँड’ म्हणजे सोनेरी, पण प्रामुख्याने केसांचं. ब्लाँड बांगड्या नसतात.

कोणता शब्द कोणाशेजारी सहज बसतो या गोष्टीला भाषेच्या अभ्यासात ‘सहप्रयोग’ म्हणतात. शब्द तेवढा एकदा लक्षात ठेवा, पुढे मी त्याला सोयरीकच म्हणणार. परकी भाषा शिकताना आपण अर्थ पाठ करतो आणि सोयरीक राहून जाते. सगळी गंमत, आणि सगळी फजिती, तिथे असते.

आता एक शंका निघेल, की ‘व्हर्डंट’ म्हणजे आपलं ‘हिरवागार’ धरलं तर चालणार नाही का? जवळपास चालतं, पण पुरतं नाही. मराठीत प्रत्येक रंगाला त्याचा सोबती ठरलेला : पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, पिवळाधमक. हिरव्याला मात्र दोन-तीन. हिरवाकंच चुडा, हिरवंगर्द रान, हिरवंगार शेत. आपला ‘हिरवागार’ ढिला आहे, हिरवीगार कोथिंबीर आणि हिरवीगार चटणीसुद्धा तो चालवून घेतो. व्हर्डंट त्या बाबतीत सोवळा. तो पाट्यावरवंट्यापर्यंत येत नाही, बांधावरच थांबतो.

शब्दाचं गोत्र

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १५८० च्या सुमारास दिसू लागतो. तो आला फ्रेंचमार्गे, आणि मूळ लॅटिनमधलं. लॅटिनमध्ये ‘विरिदिस’ म्हणजे हिरवा, आणि ‘विरेरे’ हे क्रियापद, हिरवं असणं, बहरलेलं असणं. म्हणजे बीजातच रंगाबरोबर वाढ आहे. त्याच कुळातला ‘व्हर्ड्युअर’ हा इंग्रजी शब्द म्हणजे थेट आपली हिरवाई. तांब्याच्या भांड्यावर जो हिरवा थर चढतो, ज्याने आंबट पदार्थ कळकतो, त्याचं इंग्रजी नाव ‘व्हर्डिग्री’ हेही याच घरातलं. कल्हई न लावलेल्या भांड्यात ताक ठेवणाऱ्या प्रत्येक सुनेने हा नातलग पाहिला आहे.

साधा ‘ग्रीन’ मात्र दुसऱ्या घरचा. तो इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक मुळाचा. ‘ग्रो’ म्हणजे वाढणं, ‘ग्रास’ म्हणजे गवत आणि ‘ग्रीन’ ही तिन्ही भावंडं. म्हणजे इंग्रजांनाही हिरवा रंग दिसला तो वाढणाऱ्या गवतातच. पुढे तो कपड्यांवर, काचेवर, झेंड्यांवर पसरत गेला आणि गवताची आठवण मागे पडली. नंतर आलेल्या व्हर्डंटने ती जागा धरली.

आपल्याकडची कथा आणखी मजेची. ‘हिरवा’ हा ‘हरित’च्या कुळातला, आणि त्याच कुळात ‘हरिद्रा’ येते, म्हणजे हळद. हिरवा आणि हळद या बहिणी! जुन्या काळी हा शब्द पिवळ्या ते हिरव्या अशा सगळ्या पट्ट्यावर फिरत असे. हळदीचं पीक पाहिलं असेल त्याला यात नवल वाटू नये. वर पानं हिरवी, खाली कंद पिवळा, आणि दोन्ही एकाच सरीत.

हिरव्या नावांची फसवणूक

इथे थोडं विषयांतर, पण ते उपयोगाचं आहे.

आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात ‘केप व्हर्डे’ नावाचा बेटांचा देश आहे. नावाचा अर्थ हिरवं भूशिर. देश मात्र बराचसा कोरडा, पावसाची वाट बघणारा. मग नाव असं कसं? ते भूशिर या बेटांवर नाहीच. ते समोर सेनेगलच्या किनाऱ्यावर आहे, तिथे हिरवळ होती म्हणून पोर्तुगीज खलाशांनी त्याला हे नाव दिलं, आणि समोरच्या बेटांना ते उसनं मिळालं. २०१३ मध्ये त्या देशाने जगाला कळवलं की आम्हाला पोर्तुगीज रूपानेच, ‘काबो व्हर्दे’ म्हणून ओळखा. रूप बदललं, हिरवा तसाच राहिला.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं, ग्रीनलंड. बहुतेक बर्फ. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या कथांत सांगितलं आहे की दहाव्या शतकाच्या अखेरीस एरिक द रेड या माणसाने हे नाव मुद्दाम ठेवलं. नाव चांगलं असलं की लोक राहायला येतील, असा त्याचा होरा. पर्यटनाचं माहितीपत्रक लिहिणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घालायला हरकत नाही. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग माझं काय चुकलं? मी तर परंपरा पाळतोय.”

“नुसतं ग्रीन लिहिलं तर काय बिघडतं?”

बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. उलट बोलताना ‘ग्रीन’च बरा. इंग्रज माणूसही गप्पांत ‘व्हर्डंट’ फारसा वापरत नाही. तो लिखाणातला, जरा नटून बसणारा शब्द. आपण चहाच्या टपरीवर ‘वनश्री’ म्हणत नाही, तसं.

पण ग्रीनवर हल्ली फार ओझं पडलं आहे. ग्रीन बिल्डिंग, ग्रीन बाँड, ग्रीन हायड्रोजन. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. हायड्रोजनला रंगच नसतो. तो सौर किंवा पवन अशा नूतनीकरणक्षम विजेवर पाण्यातून तयार केला म्हणून ग्रीन. १९६८ मध्ये अमेरिकी अधिकारी विल्यम गॉड यांनी ‘ग्रीन रेव्होल्यूशन’ हा शब्दप्रयोग केला तेव्हा त्यांच्या मनात शेत होतं खरं, पण बोलत होते ते बियाणं, खत आणि उत्पादनाविषयी. मराठीने इथे हुशारी केली. धोरणाला आपण ‘हरित’ म्हणतो आणि पानाला ‘हिरवं’. हरित क्रांती, हरित लवाद. ‘हिरवी क्रांती’ म्हटलं तर निवडणुकीच्या मिरवणुकीसारखं काहीतरी वाटतं.

इंग्रजीत अशी सोय ‘व्हर्डंट’ करून देतो. ‘ग्रीन व्हिलेज’ म्हटलं तर गावात सौरदिवे आहेत की झाडं आहेत की पुरस्काराची पाटी आहे, कळत नाही. ‘व्हर्डंट व्हिलेज’ म्हटलं की झाडंच.

शेजारचे दोन शब्द घाईत आटोपतो. ‘लश’ म्हणजे रसरशीत, दाट, ओलसर वाढलेलं. त्यात हिरवा गृहीत आहे, पण जोर भरगच्चपणावर. आपल्या ‘लुसलुशीत’शी त्याचा आवाज जुळतो तो निव्वळ योगायोग. आणि ‘लश व्हर्डंट ग्रीन’ असं तिन्ही एकदम लिहू नये. ते पिवळं पीतांबर नेसून गाईचं गोमूत्र शिंपडल्यासारखं होतं. दुसरा, ‘एव्हरग्रीन’. आपण तो देव आनंदला आणि जुन्या गाण्यांना देऊन टाकला आहे, पण वनस्पतिशास्त्रात तो झाडाचा प्रकार आहे : सगळी पानं एकदम न गाळणारं झाड, सदाहरित. एव्हरग्रीन ही जात झाली. व्हर्डंट ही आत्ताची अवस्था. आणि अवस्था म्हटली की महिना विचारावा लागतो.

“मे महिन्यातला खान्देश व्हर्डंट म्हणायचा का?”

इथे भाच्याची खरी गोची झाली होती.

सातपुड्याचं आमच्याकडचं जंगल सदाहरित नाही, पानगळीचं आहे. साग, सालई, अंजन, पळस. पाणी कमी झालं की ही झाडं पानं टाकून देतात, खर्च कमी करावा तशी. १९६९ पासून संरक्षित असलेलं यावल अभयारण्य सुमारे १७८ चौरस किलोमीटरचं. एप्रिलमध्ये तिथे गेलात तर पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडतात आणि डोंगराचा रंग उंदरासारखा असतो. तेच जुलैत जा. पाऊस नीट लागला असला तर पंधरा-वीस दिवसांत डोंगर ओळखू येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ, साधारण साडेअकराशे मीटरवरचं, तिथला यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी, यांना ऑगस्टमध्ये व्हर्डंट म्हणायला कोणाची हरकत नसावी. चाळीसगावच्या पाटणादेवीलाही नाही.

भाच्याच्या पत्रकावरचा फोटो ऑगस्टचा होता. पाहुणे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आले. भुसावळ-जळगावकडे तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्यातल्या एका बाईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या डोंगराकडे बघून विचारलं, “ते व्हर्डंट कुठल्या बाजूला आहे?” भाच्याने बोट दाखवलं ते डोंगराच्या उलट दिशेला, केळीकडे.

आणि बोट बरोबर होतं. खान्देशाची हीच तर गंमत. मे महिन्यात वरचा डोंगर करडा आणि खाली रावेर-यावल-चोपड्याचा केळीपट्टा हिरवागार. ठिबकच्या नळीतून थेंबथेंब पाणी पाजून राखलेला. मृगबाग जून-जुलैत लावलेली, कांदेबाग पावसाळा सरल्यावर. दोन्ही उन्हाळ्यात उभ्या असतात आणि दोन्हींना उन्हाची झळ लागते. म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतात, कडब्याच्या ताट्या उभारतात, आणि हल्ली हिरवी जाळी बांधतात.

त्या जाळीपाशी आम्ही दोघं उभे होतो. दुपारचे साडेतीन. जाळी नवी होती, झगझगीत हिरवी, वाऱ्याने फुगत होती, दर दोन हातांवर सुतळीची गाठ. तिच्या भोकांतून आतली केळ दिसत होती. कडेच्या पानांचे काठ करपून तपकिरी झालेले, आतल्या ओळी मात्र गच्च, खाली ओला अंधार, ठिबकच्या छिद्रापाशी जमिनीवर वाटीएवढा काळा डाग. मी भाच्याला म्हटलं, “आता सांग, यातलं ग्रीन काय आणि व्हर्डंट काय?”

तो म्हणाला, “जाळी ग्रीन.”

“आणि आतलं?”

“आतलं कडेला करपलंय, तरी व्हर्डंट.”

माझ्या मते ही त्या शब्दाची सर्वांत चांगली व्याख्या. जाळी कितीही हिरवी असो, ती व्हर्डंट होत नाही, कारण ती वाढत नाही. केळीचं पान कडेला करपलं तरी मळा व्हर्डंट राहतो.

“हिरवाई मोजता येते का?”

येते, आणि तिथेही हाच फरक कामाला येतो. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा त्या मानाने कमी, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. पण निरोगी पान आणखी एक गोष्ट करतं. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश ते भरपूर परतवतं. उपग्रह वरून लाल किती आला आणि अवरक्त किती आला हे बघतो, आणि दोघांतल्या फरकावरून उणे एक ते अधिक एक असा आकडा काढतो. उघडी जमीन शून्याच्या थोडी वर, दाट हिरवाई एकाच्या दिशेने. पिकांचे अंदाज आणि दुष्काळाचे नकाशे करताना हा आकडा वापरतात.

या युक्तीमागचं तत्त्व युद्धातही वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी ठिकाणं हिरव्या रंगाने रंगवून लपवत. डोळ्याला ती झाडीत मिसळून जात. अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या खास फिल्मवर मात्र जिवंत झाडी एका रंगाची आणि रंगवलेला हिरवा दुसऱ्याच रंगाचा यायचा. ग्रीन आणि व्हर्डंट यांतला भेद कॅमेऱ्याला कळला तो असा.

सरकारी कागदाचा हिशोब निराळा. भारतीय वन सर्वेक्षण विभागाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा जास्त जागेवर वृक्षांची सावली १० टक्क्यांहून अधिक असेल तर ते वनाच्छादन, मालकी कोणाचीही असो. १० ते ४० टक्के विरळ, ४० ते ७० मध्यम, ७० च्या वर अति दाट. तिथे सागाची पानं एप्रिलमध्ये गळली म्हणून जंगल कागदावरून उठत नाही. ‘व्हर्डंट’ला असा टक्का नाही. तो बघणाऱ्याच्या डोळ्याचा शब्द, आणि सहसा बाहेरून आलेल्याच्या.

मळ्यातला माणूस काय म्हणतो

हे मला उशिरा सुचलं. भाच्याचे वडील, आमचे दाजी, पंचेचाळीस वर्षं शेती करताहेत. त्यांच्या तोंडी मी ‘हिरवागार’ हा शब्द क्वचितच ऐकला आहे. पाऊस वेळेवर पडला, कपाशीला खत लागू झालं, पानं रुंद आणि जाड झाली की ते बांधावर उभे राहून म्हणतात, “काळोखी आली.” किंवा, “कपाशी काळीभोर पडलीय.”

काळी! शहरातल्या माणसाला वाटेल पीक जळालं. पण शेतकऱ्याचा डोळा बरोबर आहे. पानात हरितद्रव्य जितकं जास्त तितका हिरवा गडद, आणि दाट पिकात खाली ऊन पोचत नाही, म्हणून तळाशी सावली साचते. त्या दोहोंची मिळून काळोखी. कृषी केंद्रात सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली मागतानाही हाच शब्द, ‘काळोखी येईल असं काहीतरी द्या’. फिकट हिरवा मात्र दाजींना काळजीत टाकतो. पिकावर ‘पिवळट छटा’ म्हणजे पाणी साचलं किंवा अन्न कमी पडलं.

दुसरा शब्द ‘तरारणं’. उघडीप पडून माना टाकलेलं पीक रात्रीच्या सरीनंतर सकाळी ताठ उभं असतं. “ज्वारी तरारली.” त्यात रंगाचा उल्लेखही नाही आणि हिरवं सगळं दिसतं. एकट्या झाडाचं बोलायचं तर ‘डेरेदार’ आहे. व्हर्डंट एकट्या आंब्याला लावला तर चूक म्हणता येणार नाही, पण तो मनापासून बसत नाही. डेरेदार बसतो.

तेव्हा मराठीत लिहिताना ‘व्हर्डंट’ आणायचा का, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. इंग्रजीत लिहिताना तो त्याच्या जागी छान आहे. मराठीत त्याच्या वाट्याचं काम आपले पाच-सहा शब्द आपसांत वाटून घेतात, आणि दाजींचा शब्द तर इंग्रजीत नेताच येत नाही. मी एकदा एका खताच्या पत्रकासाठी ‘काळोखी’चं भाषांतर करायला बसलो होतो. अर्धा दिवस गेला, शेवटी ‘डार्क, हेल्दी ग्रीन’ लिहून सुटका करून घेतली. पैसे मिळाले, समाधान नाही.

राहिले ते गाइड

‘व्हर्डंट गाइड्स’चं सांगायचं राहिलं. भाच्याला म्हणायचं होतं निसर्गप्रेमी, रानात रमणारे. पण माणसाला लावला की या शब्दाचा अर्थच फिरतो. कच्चं फळ हिरवं, म्हणून कच्चा माणूस हिरवा, अशी इंग्रजीची वाट आहे. व्हर्डंट माणूस म्हणजे कोवळा, अननुभवी, कच्चं मडकं. तेव्हा त्या ओळीचा अर्थ झाला की आमचे नवशिके गाइड तुम्हाला जंगलात नेतील. बिबट्याच्या मुलखात ही जाहिरात बरी नव्हे. मराठीत माणसाला हिरवेपण चिकटलं तर आणखीच पंचाईत. ‘हिरवट’ म्हातारा अनुभवी असतो, हीच त्याच्याविषयी तक्रार असते.

भाच्याने पत्रक बदललं. दरीला आणि केळीच्या मळ्याला व्हर्डंट ठेवला, दरीपुढे ‘जुलै ते ऑक्टोबर’ असा महिना घातला. गाइड ‘लोकल’ झाले. वांगं ‘ग्रीन’ झालं, आणि त्याखाली कळण्याच्या भाकरीची एक ओळ वाढली.

सगळं झाल्यावर त्याचा रात्री पुन्हा फोन. “मामा, फेब्रुवारी-मार्चला पळस फुलतो. पूर्ण डोंगर केशरी दिसतो. तेव्हा येणाऱ्यांसाठी व्हर्डंट चालेल का?”

म्हटलं, पळसाला पानं तीनच, आणि तेव्हा तर तीही नसतात.